वाळूचे डोहाळे

डोहाळे म्हटले की चिंच आठवते, कैरी आठवते, फार तर पहिल्या पावसाच्या मातीचा वास. पण आपल्या जुन्या कथांत जागांचेही डोहाळे लागत. गर्भवती सीतेला रामानं विचारलं, तुझी काय इच्छा आहे, तेव्हा तिनं गंगाकाठचे ऋषींचे आश्रम पाहायचे आहेत असं सांगितलं. सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून ती स्त्री दोन हृदयांची, 'दौहृदिनी' होते आणि तिची इच्छा डावलू नये. या शब्दाच्याच कुळातलं 'दोहद' घासत घासत आपलं 'डोहाळे' झालं. सीता गंगाकाठी गेली खरी, पण ज्याच्यासोबत जायचं तो सोबत नव्हता, आणि पुढं काय घडलं ते आपण जाणतो.

दसरा होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. तिला चौथा महिना होता. "मावशी, मला वाळू बघायचीये. खूप वाळू. आणि आवाज अजिबात नको." मागून जावयांचा आवाज आला, "दोघंच जाणार आहोत. पुढची काही वर्षं दोघंच असं जमायचं नाही." याला हल्ली बेबीमून म्हणतात. घरात दोन तट पडले होते. आजीचं म्हणणं, पोटुशीनं वेस ओलांडू नये. मैत्रिणींचं म्हणणं, जैसलमेरला जा, उंटावरचा फोटो हवाच. मला दोन्ही पटलं नाही. थरच्या वाळवंटात मी अनेक हिवाळे फिरले आहे, आणि माझं ठाम मत आहे की तब्येत ठीक असेल तर गर्भारपणातल्या सहलीला हा प्रदेश उत्तम आहे. मात्र त्याच्या वेळापत्रकानं चालायला हवं. तिथला माणूस पहाटे आणि संध्याकाळी हिंडतो, भर दुपारी सावलीत बसतो, पाणी जपून पण वेळच्या वेळी पितो. गर्भार शरीर याहून वेगळं काय मागतं?

पहिला प्रश्न डॉक्टरांचा. अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल, रक्तदाब चढा असेल, पंडुरोग बराच असेल, जुळी असतील, आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल, तर हा बेत पुढं ढकलावा. वाळवंट कुठं जात नाही. यातलं काही नसेल तर मधले तीन महिने प्रवासाला सर्वांत बरे. सुरुवातीच्या मळमळीचा जोर ओसरलेला असतो, गर्भपाताचा धोका बराच उतरलेला असतो, आणि पोटाचा भार अजून पाठीवर आलेला नसतो. त्यातही माझा आग्रह असा की १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या अवयवांची तपासणी करणारी सोनोग्राफी होते, ती उरकूनच निघावं. त्यात वारेची जागा कळते, आणि मनावरचं एक मोठं ओझं उतरतं. ते ओझं घेऊन टेकडीवर बसलं तर डोळ्यांपुढं वाळू असली तरी डोक्यात रिपोर्टच असतो. भाचीचा एकविसावा आठवडा नोव्हेंबरच्या अखेरीस येत होता. तोच मुहूर्त आम्ही धरला.

नोव्हेंबरची अखेर ते फेब्रुवारी, एवढाच काळ मी या सहलीसाठी मानते. थरचा उन्हाळा कसा असतो हे सांगायला फलोदी हे एक नाव पुरे: जोधपूरच्या वायव्येला असलेल्या या गावात १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. ऑक्टोबरमध्ये ऊन उतरू लागतं, पण पावसाळ्यानंतरचे डास असतात. आणि गर्भारपणात मलेरिया झाला तर तो आईलाही जड जातो आणि बाळालाही. पुढच्या महिन्यांतही अंगभर कपडे आणि मच्छरदाणी हवीच. नोव्हेंबरच्या अखेरीस दुपार साधारण आपल्या पुण्याच्या सुखद दुपारसारखी असते आणि रात्री शाल, पायमोजे लागतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडक थंडी पडते. तंबूत राहणाऱ्यांनी तेही ध्यानात घ्यावं.

एका दिवसात एवढा फरक का पडतो, हे समजून घेतलं तर बरोबर काय न्यायचं ते आपोआप कळतं. मुंबईच्या हवेत वाफ असते. ती जमिनीतून निघणारी उष्णता अडवून धरते, म्हणून रात्रीही गोधडी अंगावर असल्यासारखं वाटतं. थरच्या हवेत वाफ थोडी आणि आकाश मोकळं, त्यामुळे सूर्य बुडाला की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. वाळू उष्णता खाली मुरूही देत नाही. दुपारी वरचा थर तापलेला असतो आणि वीतभर खाली हात घातला की गारवा लागतो. म्हणून सूर्यास्तानंतर तासाभरातच बसल्या जागी हुडहुडी भरते.

याच कोरडेपणाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. मुंबईत घाम निथळतो, तेव्हा पाणी चाललंय हे दिसतं. वाळवंटात घाम येतो तसा उडून जातो, कातडी कोरडी राहते, आणि माणसाला वाटतं आपल्याला घाम आलाच नाही. एरवीही हा चकवा असतो, गर्भारपणात तो अधिक. या काळात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, शरीराची भट्टी आधीच जास्त पेटलेली असते, आणि पाणी कमी पडलं तर चक्कर, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, कधी पोटात कळाही येतात. म्हणून तहान लागायची वाट पाहायची नाही. लघवी फिकट पिवळी आहे की गडद, हे दिवसातून तीन-चारदा पाहायचं; इतकं सोपं आणि इतकं खरं मोजमाप दुसरं नाही. ओआरएसच्या चार पुड्या पर्समध्ये असाव्यात. नाकाचंही सांगून ठेवते. गर्भारपणात नाकातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, कोरड्या हवेनं घोळणा फुटू शकतो. मिठाच्या पाण्याचे तयार थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते जवळ ठेवावेत.

पाण्याचा विषय निघाला आहे तर जरा थांबते, कारण थर मला सर्वांत जास्त पाण्यानंच शिकवला आहे. अनुपम मिश्र यांनी १९९५ साली 'राजस्थान की रजत बूंदें' हे पुस्तक लिहिलं. तिथले लोक पाण्याचे तीन प्रकार करतात, हे त्यात फार प्रेमानं मांडलं आहे. पावसातून थेट मिळतं ते पालर पाणी, नदी-तलावांत आणि टाक्यांत साठणारं. खोल विहिरीतलं ते पाताळ पाणी, पुष्कळदा खारं. आणि या दोहोंमध्ये तिसरं, रेजाणी पाणी: पावसाचं पाणी वाळूत मुरतं, पण काही ठिकाणी खाली खडियाचा म्हणजे जिप्समचा पट्टा असतो, तो त्याला पाताळाच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. ते ओल होऊन वाळूत अडकून राहतं. तिथं अरुंद कुंई खणली की वाळूच्या कणांमधली ती ओल थेंब थेंब पाझरून गोळा होते. दिवसभरात दोन-तीन घागरी, पण गोड. भाचीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत धरून ठेवलेलं पाणी." मी पुढं काही बोलले नाही.

सहलीला मात्र सीलबंद पाणीच प्यावं. थरच्या भूजलात क्षार आणि पुष्कळ ठिकाणी फ्लोराइड असतं; चार दिवसांत फ्लोराइडनं काही होत नाही, पण खाऱ्या पाण्यानं पोट बिघडलं तर सगळा बेत खाटेवर जातो.

आता जागा. जैसलमेर सुंदर आहे. ११५६ साली वसलेला तो पिवळ्या दगडाचा किल्ला, ज्यात अजून माणसं राहतात, तो मी पुन्हा पुन्हा पाहीन. पण भाचीला मी तिकडं पाठवलं नाही. जोधपूरपासून जैसलमेर रस्त्यानं सुमारे २८० किलोमीटर, पाच तास. तिथून समच्या वाळूच्या टेकड्या आणखी चाळीसेक किलोमीटर. जिल्हा रुग्णालय जैसलमेरला आहे, पण मोठी, सर्व सोयींची रुग्णालयं जोधपूरला. पाचव्या महिन्यात काही होणार नाही हे बहुधा खरंच, तरी रात्री दोन वाजता पोटात दुखलं तर पाच तासांचा रस्ता डोळ्यांपुढं उभा राहतो. शिवाय समला हंगामात एकाला लागून एक तंबू असतात, आणि रात्री मोठ्या आवाजात गाणी. जिला आवाज नको, तिनं तिथं का जावं?

म्हणून ओसियां. जोधपूरच्या उत्तरेला साधारण ६५ किलोमीटर, सव्वा तासाचा रस्ता. जुन्या व्यापारी मार्गावरचं हे गाव. आठव्या शतकापासूनची देवळं आहेत, त्यातलं महावीराचं देऊळ प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळातलं. सच्चियाय मातेचं मंदिर उंचावर आहे, पायऱ्या बऱ्याच. दम लागेल तिथं बसावं, नाहीतर खालूनच हात जोडावेत. गावाबाहेर वाळूच्या टेकड्या सुरू होतात. त्या समइतक्या भव्य नाहीत, पण सकाळी त्यांवर वाऱ्यानं काढलेल्या रेघा तशाच असतात, आणि त्या रेघांवर रात्री हिंडलेल्या भुंग्याच्या पावलांची नक्षी. सव्वा तासावर जोधपूरचं एम्स, आणि स्त्रिया व मुलांसाठीचं जुनं उमेद रुग्णालय. फोनमध्ये १०८ आणि स्वतःच्या डॉक्टरांचा नंबर. आधी दवाखाना, मग वाळू, या क्रमानं जागा ठरवली की मग कुठलीही वाळू निवांत वाटते.

मुक्काम ठरवताना पहिला प्रश्न विचारायचा तो तंबूला लागून संडास आहे का, आणि तो कमोडचा आहे का. रात्री तीनदा उठावं लागणाऱ्या बाईला अंधारात वाळू तुडवत जायला लावणारा तंबू कितीही राजेशाही असो, नको. दुसरा प्रश्न दुपारी सावलीचा. तिथल्या जाड भिंतींच्या, गवतानं शाकारलेल्या गोल झोपड्या कापडी तंबूपेक्षा दुपारी गार आणि रात्री उबदार राहतात. रात्री बाहेर पडताना बूट आणि बॅटरी हवीच. आपल्या कोकणात ज्याला फुरसं म्हणतात तो साप थरमध्येही आहे. थंडीत तो क्वचितच बाहेर येतो, पण विंचू आणि काटे असतातच. शेकोटीशी बसावं, पण धूर ज्या बाजूला जातो त्या बाजूला नाही.

उंटावर बसायचं नाही. याबाबतीत मी भाचीशी वाद घातला नाही, फक्त उंट कसा उठतो ते सांगितलं. तो आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणजे वरचा माणूस एकदम पुढं फेकला जातो. मग पुढचे पाय, म्हणजे तो मागं. चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकदम टाकतो, त्यामुळे सतत हेलकावा. गर्भारपणात सांधे सैल झालेले असतात, तोल बदललेला असतो, आणि खाली पडायची उंची दोन मीटरच्या वर. पोटाला जोराचा धक्का बसला तर वार सुटू शकते. याच कारणानं टेकड्यांवरून उड्या मारणारी जीपही नको. उंटगाड्यांना पुष्कळदा विमानाची जुनी चाकं लावलेली असतात, पाहायला मजा येते, पण कच्च्या वाटेवर तीही हादरे देते. वाळूत अनवाणी चालावं, हळूहळू, दोघांनी.

प्रवासाचं थोडक्यात. मुंबईहून जोधपूरला थेट विमानानं दोनेक तास. बहुतेक कंपन्यांना ३२ आठवड्यांपर्यंत हरकत नसते, त्यानंतर डॉक्टरांचं पत्र लागतं, तरी तिकीट काढताना त्या त्या कंपनीचा नियम वाचावा. वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेस दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूरला पोचते. रेल्वेत गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. विमान असो वा गाडी, फार वेळ पाय लोंबकळत बसायचं नाही. गर्भारपणात रक्त गोठण्याकडं कल वाढतो, पोटरीत गुठळी होऊ शकते, म्हणून तासाभरानं उठून चालावं. मोटारीत पट्टा लावायचाच: आडवा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर; तिरपा पट्टा दोन स्तनांच्या मधून. पोटावर नाही.

जोधपूरला पहिले दोन दिवस. पहिल्या दिवशी काहीच नाही, झोप. दुसऱ्या सकाळी मेहरानगड. १४५९ साली राव जोधानं बांधायला घेतलेला हा गड उंच आहे, पण वर जायला लिफ्ट आहे, हे फार कमी लोक आधी विचारतात. वरून निळी घरं पाहावीत आणि अकराच्या आत खाली यावं.

खाण्याचं मात्र मला सविस्तर सांगायचं आहे. बाजरीची भाकरी आपल्याला नवी नाही; तिथं तिला सोगरा म्हणतात, जाड असते, वर तूप. गट्ट्याची भाजी, कढी, मुगाची डाळ, सगळं गरम, नीट शिजलेलं, चालेल. उघड्यावरचा मावा आणि सायीची लस्सी टाळावी. उंटिणीचं दूध कौतुकानं पुढं करतील. उकळलेलं असेल तरच घ्यावं, कारण कच्च्या दुधातून येणारे जंतू गर्भाला घातक ठरू शकतात. काही गावांत पाहुण्याला अफूचं पाणी ओंजळीतून देण्याची रीत पर्यटकांना दाखवतात, आणि भांगेची दुकानं तर बाजारात उघडी असतात. तिनं दोन्हींना हात जोडून नको म्हणायचं. यजमान समजून घेतात. गर्भार बाईचा मान तिथं मोठा आहे.

आणि केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण आपट्याबरोबर जिची पूजा करतो तीच. थरमध्ये तिची पानं शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना, सावली सगळ्यांना. कालिदासानं गर्भवती सुदक्षिणेला आणि गर्भवती शकुंतलेला, दोघींनाही शमीचीच उपमा दिली: पोटात अग्नी धरून शांत उभी असलेली. मला ही उपमा वर्षानुवर्षं आवडत आली, पण तिचं झाड नीट पाहिलं ते थरमध्येच. आजूबाजूला सगळं करपलेलं असताना हिरवं राहणारं.

वाळूवरची संध्याकाळ अमावस्येच्या आसपास येईल असा दिवस आम्ही पंचांगात पाहून ठरवला. नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो, त्याखाली तांबूस रोहिणी, आणि क्षितिजाला टेकून मृग उगवत असतो. त्या कृत्तिका म्हणजे कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा माता, हे भाचीला लहानपणी मीच सांगितलं होतं. डाव्या कुशीला उशी घेऊन, अंगावर रजई ओढून तिनं ते आकाश पाहिलं.

एक दिवस उरला होता. ओसियांहून दीडेक तासावर फलोदीजवळ खीचन हे गाव आहे, तिथं थंडीत मध्य आशियातून हजारो कुरजां येतात, राखी रंगाचे करकोचे. गावकरी त्यांना रोज दाणे घालतात, आणि सकाळी त्यांचे थवे उतरतात तेव्हा आकाशभर त्यांची हाक भरते. राजस्थानी लोकगीतांत विरहिणी याच कुरजांबरोबर परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप धाडते. भाचीनं मात्र खीचन नको म्हटलं. पहाटे उठून दीड तास गाडी नको. मला तिचा तो नकार फार आवडला. निवांत सहलीत एक मोठी गोष्ट सोडून देण्याची तयारी हवी.

त्याऐवजी परतीच्या वाटेवर ती दोघं जोधपूरच्या दक्षिणेला सुमारे २६ किलोमीटरवरच्या खेजडलीला गेली. १७३० साली राजाची माणसं खेजडीची झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासह, एकामागून एक, ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. तिथल्या सावलीत एका म्हाताऱ्या बिश्नोई बाईंनी भाचीच्या पोटाकडं पाहून तिला ओढणी नीट घ्यायला लावली, आणि आपल्या धर्माचा पहिला नियम सांगितला. गुरू जांभेश्वरांनी १४८५ साली बिश्नोई पंथ स्थापला, त्याचे एकोणतीस नियम आहेत. बीस आणि नौ, म्हणून बिश्नोई. बाहेरच्यांना त्यातले झाडं न तोडण्याचे, प्राणी न मारण्याचे नियम ठाऊक असतात. पण पहिला नियम बाळंतिणीचा आहे: बाळ झाल्यावर तीस दिवस आई आणि बाळ यांना सगळ्या कामापासून दूर ठेवायचं, विश्रांती द्यायची.

जावयांनी बाईंना विचारलं, "आणि या तीस दिवसांत घरचं काम कोण करतं?"

बाई म्हणाल्या, "जो घर में है।"

पुण्याला परतल्यावर जावयांनी कार्यालयात दिलेला रजेचा अर्ज मागं घेतला आणि पंधराऐवजी तीस दिवसांचा नवा दिला.